आधी अंगण, मग पडदा



गेल्या हिवाळ्यात नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला. या जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव बदलून २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण गावोगाव लोक अजून 'नगर जिल्हा' असेच म्हणतात, म्हणून मीही येथे तेच म्हणतो. शाळेला दोन खोल्या, पुढे ओसरी आणि समोर कडुनिंबाची सावली असलेले अंगण. एका खोलीत भिंतीवर मोठा दूरचित्रवाणी संच लावलेला होता. गावकऱ्यांनी वर्गणी काढून तो घेतला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तो रास्तच होता.

मी गेलो तेव्हा मुले ज्वालामुखी पाहत होती. पडद्यावर डोंगराच्या तोंडातून लालभडक लाव्हा उसळत होता, धूर आकाशात चढत होता. मुले श्वास रोखून बसली होती. चित्रफीत संपली तसा पुढच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आपल्याकडं हाये का असा ज्वालामुखी?"

गुरुजी म्हणाले, "नाही. आपल्याकडे नाही. बस खाली." आणि पुढची चित्रफीत सुरू झाली.

उत्तर तसे चुकीचे नव्हते. आज महाराष्ट्रात कोठेही जागृत ज्वालामुखी नाही. पण मी ज्या ओसरीवर बसलो होतो तिचा काळा दगड, शाळेच्या भिंतीचा दगड, समोरच्या टेकडीचा दगड, हा सगळा थिजलेला लाव्हाच होता! सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हाचे पूर आले आणि थरावर थर साचत गेले. आज त्या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे, आणि तेही याच थरांचे बनले आहे. म्हणजे तो मुलगा ज्वालामुखीच्या करणीवर मांडी घालून बसला होता आणि परदेशातला ज्वालामुखी पाहून "आपल्याकडे नाही" असे शिकून घरी गेला.

गुरुजींना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. एकटा माणूस दोन वर्ग सांभाळत होता. चित्रफीत तयार करणाऱ्याला या खेड्याची माहिती असणे शक्यच नव्हते. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे. प्राथमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवायला आपण यंत्रे आणतो, ती कशासाठी? आणि ती कोठे सुरू करावी, कोठे बंद करावी?

यंत्रे आली, यंत्रे गेली

वर्गात यंत्र आणण्याची कल्पना आजची नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर आपल्या देशात एक मोठा प्रयोग झाला. 'साइट' या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून आपल्या अवकाश संशोधन संस्थेने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट पोहोचवले. सकाळचे कार्यक्रम खास शाळेतल्या मुलांसाठी असत. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. पण पुढे देशाचे स्वतःचे इन्सॅट उपग्रह आले, आणि १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था उभी राहिली. मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम करणारी ही आपली हक्काची संस्था. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांना ती आठवत असेल. २०१७ साली ती बंद झाली.

मध्यंतरी २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' हा उपग्रह सोडण्यात आला. त्याचेही आयुष्य संपले. २०१५ नंतर राज्यात गावोगाव 'डिजिटल शाळा' झाल्या. पाठ्यपुस्तकांत चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड छापून आला. त्यावर मोबाइल धरला की धड्याची चित्रफीत सुरू होते. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी असे कोड वापरायला सुरुवात केली आणि २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या साऱ्या इतिहासात मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, यंत्र पाहुण्यासारखे असते. ते येते, जुने होते, जाते. उपग्रहाचे इंधन संपते, संस्था बंद होते, संचाचा एखादा भाग जळतो आणि तो तालुक्याच्या गावीही मिळत नाही. शाळा मात्र तेथेच राहते. अंगण तेथेच राहते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 'साइट'च्या काळात हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले, तेव्हा त्यांना नुसते पडद्यासमोर बसवलेले नव्हते. दूरचित्रवाणीच्या जोडीला आकाशवाणी होती, छापील पुस्तिका होत्या आणि शिक्षकांनी स्वतःच्या हातांनी करायचे प्रयोगही होते. म्हणजे उपग्रह वापरणाऱ्यांनाही पन्नास वर्षांपूर्वी ठाऊक होते की नुसते पाहून विज्ञान येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग हे लेखक महाशय यंत्राच्या विरुद्ध आहेत! मुळीच नाही. दुर्बीण नसती तर गुरूचे उपग्रह गॅलिलिओला दिसले नसते. नगर जिल्ह्याच्या सीमेला लागून, पुणे जिल्ह्यातल्या खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची रेडिओ दुर्बीण आहे. डोळ्याला कधीच दिसणार नाही असे आकाश ती टिपते. यंत्र म्हणजे आपल्या इंद्रियांचा वाढवलेला हातच होय. पण हात कोणाला वाढवता येईल? ज्याला मुळात हात आहे त्याला.

म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात असे: जे अंगणात दिसते ते पडद्यावर दाखवू नये, पडद्याचे काम अंगण संपते तेथून पुढे सुरू व्हावे.

हे नुसते बोलून पटणार नाही. चला, तीन उदाहरणे घेऊ. तिन्ही नगर जिल्ह्यातलीच आहेत.

पहिले उदाहरण: दगड

तो ज्वालामुखीचा धडा पुन्हा घेऊ. आधी पडदा बंद ठेवू. मुलांना अंगणात नेऊन प्रत्येकाला एकेक काळा दगड उचलायला सांगू. कोणाच्या दगडाला बारीक भोके असतील, कोणाच्या दगडात पांढरे ठिपके असतील. भोके कशाची? तापलेल्या लाव्हातून वायूचे बुडबुडे निघत होते. लाव्हा थिजला आणि बुडबुड्यांच्या जागा तशाच राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपले आणि त्यातली खनिजे स्फटिकांच्या रूपाने साचली. राहुरी तालुक्यात विहिरी खोदताना असे अपोफिलाइट, स्टिलबाइट यांचे सुंदर स्फटिक सापडतात आणि जगभरचे संग्राहक ते हौसेने जपतात.

पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्याच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे वर्षानुवर्षे गरगर फिरत राहिले आणि त्यांनी या कठीण खडकात रांजणाएवढे खोल खड्डे कोरले. नदी खडक कशी कापते ते पाहायला अमेरिकेतल्या दरीची चित्रफीत नंतर पाहू. निघोजला आधी जाऊन येऊ.

एवढे झाल्यावर पडदा सुरू करावा. आता तो लालभडक लाव्हा मुलांना परका वाटणार नाही. त्यांच्या मुठीत त्याचा तुकडा असेल. मग एखादी मुलगी नक्की विचारील, "पण आपल्याकडचा लाव्हा ज्यातून आला तो डोंगर कुठाय?" येथे खरे भूविज्ञान सुरू होते. कारण आपल्याकडचा बहुतेक लाव्हा शंकूच्या आकाराच्या डोंगरातून आलाच नाही, तो भेगांतून आला. पडद्यावरचे चित्र आणि अंगणातला दगड यांत फरक आहे, हे जिला कळले ती पाहणारी राहिली नाही. ती तपासणारी झाली.

दुसरे उदाहरण: पाऊस

नगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर, रतनवाडी ही गावे आहेत. तेथे चांगल्या मोसमात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटरवर, पूर्वेला पाथर्डी आहे. तेथे पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. जिल्हा एक, पालकमंत्री एक. पाऊस मात्र आठपट-दहापट वेगळा!

'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा शब्द मुले पाठ करतात. परीक्षेत लिहितात. पण पाठ केलेल्या शब्दाला ओल नसते. त्याऐवजी असे करून पाहा.

शीतपेयाची सरळ बाजूंची एक प्लॅस्टिकची बाटली घ्या. तिचा वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळ उंचसखल असतो, म्हणून तळाशी थोडे खडे घाला आणि खडे बुडेपर्यंत पाणी ओता. पाण्याच्या पातळीवर रेघ ओढा. हा झाला शून्य. त्यावर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर, वाऱ्याने पडणार नाही अशी विटांच्या आधाराने ठेवा. पर्जन्यमापक तयार! रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजा, आकडा वहीत लिहा आणि पातळी पुन्हा शून्यावर आणा. साडेआठच का? कारण देशभरच्या वेधशाळाही याच वेळी चोवीस तासांचा पाऊस मोजतात. तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता आला पाहिजे. दिवसात २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर वेधशाळा त्याला 'पावसाचा दिवस' म्हणते. तुमच्या गावाला असे किती दिवस मिळाले, ते पावसाळ्याच्या शेवटी मोजा.

आता गणित. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. समजा, शाळेचे छप्पर १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे, म्हणजे ६० चौरस मीटर. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर छपरावर ३०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरू. उरले २४,००० लिटर. शाळेत ४० मुले आहेत आणि प्रत्येकी दिवसाला दोन लिटर पाणी लागते, तर रोजचे झाले ८० लिटर. भागाकार करा. तीनशे दिवस! ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथेही शाळेच्या छपरावर वर्षभराच्या पिण्यापुरते पाणी पडते. ते साठवायचे आणि गाळून शुद्ध करायचे, हा पुढचा प्रश्न. पण प्रश्न मुलांना स्वतःच्या आकड्यांतून सापडला, हे विसरू नका.

आता मोबाइलचे काम सुरू होते. पाथर्डीच्या शाळेने आपला आकडा रोज अकोल्याच्या डोंगरातल्या शाळेला पाठवावा आणि त्यांनी आपला यांना पाठवावा. जुलैमध्ये एके दिवशी इकडे ३ मिलिमीटर आणि तिकडे १५० मिलिमीटर असे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले जातील, तेव्हा मुले आपण होऊन विचारतील, "असं का?" त्याच क्षणी गुरुजींनी पडदा सुरू करावा आणि सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून इन्सॅट उपग्रहाने टिपलेले ढगांचे चित्र दाखवावे. हवामान विभाग ही चित्रे सर्वांसाठी खुली ठेवतो. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीपाशी दाटलेले आणि पूर्वेकडे विरळ झालेले त्यात दिसतील. डोंगर चढताना हवा थंड होते आणि आपली वाफ पावसाच्या रूपाने टाकते. पलीकडे उतरताना ती तापते आणि कोरडी होते. आता 'पर्जन्यछाया' शब्द सांगा. मुले तो जन्मात विसरणार नाहीत.

आणखी एक गोष्ट. डोंगरातल्या त्या शाळेशी बोलताना पाथर्डीच्या मुलांना कळेल की इतका पाऊस पडूनही तिकडच्या काही वाड्यांना एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी वणवण करावी लागते. कारण उतारावरचा कठीण खडक पाणी धरून ठेवत नाही. पाऊस पडणे वेगळे आणि पाणी असणे वेगळे. हा धडा कोणत्याही चित्रफितीत मिळाला नसता. तो दुसऱ्या मुलाकडून मिळाला.

हा नुसता शाळेतला खेळ आहे असे कोणी समजू नये. याच जिल्ह्यात, नगर तालुक्यात हिवरे बाजार हे गाव आहे. १९९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते दुष्काळाने होरपळलेले, माणसे बाहेर पडत असलेले गाव होते. पुढे गावाने पाणलोटाची कामे केली आणि त्याबरोबर पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. यंदा पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती, मग कोणते पीक घ्यायचे आणि कोणते टाळायचे, हे गाव आकडे पाहून ठरवते. ज्या गावाला आकडा वाचता येतो ते गाव आपले भविष्य ठरवू शकते. आणि आकडा वाचण्याची सवय लागते ती चौथीत, अंगणातल्या बाटलीपाशी.

तिसरे उदाहरण: सावली

हे उदाहरण मला सर्वांत प्रिय आहे आणि थोडे दुःखाचेही.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीला जातात. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर संसार चढतो आणि त्यात मुलेही चढतात. वर्गातली जागा रिकामी होते. मुले मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा धडे पुढे गेलेले असतात, आणि पुष्कळदा ती मुले मागेच राहतात. यांच्यासाठी यंत्राने काय करावे? मोबाइलवर चित्रफिती पाठवाव्या, असे कोणी सुचवील. पाठवाव्या, त्याने नुकसान नाही. पण मला दुसरे काही सुचते.

तिसरी-चौथीच्या मुलांनाही जमेल असा हा प्रयोग आहे. सपाट जमिनीवर बरोबर एक मीटर उंचीची काठी उभी करायची. ती ओळंब्याने सरळ आहे ना, ते पाहायचे. आपल्या जुन्या ज्योतिषांनी अशा काठीला 'शंकू' म्हटले आहे. दुपारी सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करायची. सर्वांत लहान सावली बारा वाजता पडत नाही, ती डिसेंबरात आपल्याकडे साडेबाराच्या सुमारास पडते. कारण आपले घड्याळ नगरसाठी लावलेले नसून बरेच पूर्वेला असलेल्या ८२.५ अंश रेखांशासाठी लावलेले आहे. ही गंमत मुलांना आपोआप कळेल.

२२ डिसेंबरला हा प्रयोग पाथर्डीला केला तर सर्वांत लहान सावली सुमारे ९२ सेंटिमीटर भरते. त्याच दिवशी कोल्हापूरकडे केला तर ती सुमारे ८४ सेंटिमीटर भरते. काठी तेवढीच, सूर्य तोच, दिवस तोच. मग आठ सेंटिमीटर गेले कोठे? पृथ्वी सपाट असती तर इतक्या दूरच्या सूर्याने दोन्हीकडे सारखीच सावली पाडली असती. सावल्या वेगळ्या, कारण जमीन वळलेली आहे!

तुम्ही माध्यमिक शाळेतले विद्यार्थी. तुम्हाला पुढचे गणितही जमेल. सावली आणि काठी यांवरून सूर्य डोक्यापासून किती कलला ते काढा. एका ठिकाणी सुमारे ४२.६ अंश, दुसऱ्या ठिकाणी सुमारे ४०. फरक २.६ अंश. नकाशावर दोन्ही ठिकाणांतले उत्तर-दक्षिण अंतर मोजा. ते सुमारे २७५ किलोमीटर भरते. २.६ अंशांना २७५, तर ३६० अंशांना किती? उत्तर सुमारे ३८,००० किलोमीटर येते. पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. एक काठी, एक पट्टी, आणि चूक फक्त पाच टक्के! एखादा सेंटिमीटर इकडेतिकडे झाला तर चूक वाढेल. मग पुन्हा मोजा, दोघातिघांच्या मापांची सरासरी काढा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये एरॅटोस्थेनिसने याच युक्तीने पृथ्वी मोजली होती.

पण कोल्हापूरची सावली मोजणार कोण? तोच मुलगा, जो टोळीबरोबर उसाच्या फडावर गेला आहे! कोपीशेजारी काठी रोवायला किती जागा लागते? वडिलांच्या किंवा मुकादमाच्या मोबाइलवरून एक आकडा पाठवायला किती वेळ लागतो? त्या दिवशी पाथर्डीच्या वर्गात गुरुजी फळ्यावर त्याचे नाव लिहितील आणि त्यापुढे लिहितील: ८४ सेंटिमीटर. जो मुलगा रोज हजेरीत 'गैरहजर' म्हणून लागत होता, त्याच्यावाचून आज वर्गाचे गणित सुटणार नाही. तो गैरहजर राहिला नाही. तो वर्गाने दूर पाठवलेला निरीक्षक झाला.

ऊसतोडीचा प्रश्न याने सुटेल असा माझा दावा नाही. त्या मुलांना गावातच ठेवून शिकवणे हेच खरे उत्तर आहे आणि त्यासाठी मोठ्यांनी झगडले पाहिजे. पण तोवर, यंत्राचा उपयोग त्या मुलाला आणखी एक प्रेक्षक करण्यासाठी करायचा की वर्गाचा सहकारी करण्यासाठी, हे आपल्या हातात आहे.

शंका आणि उत्तरे

शिक्षकबंधुभगिनींच्या काही शंका मला ठाऊक आहेत. एका शिक्षकाकडे दोन-दोन, कधी चार वर्ग. माहितीचे तक्ते भरायचे ते वेगळेच. मुलांना अंगणात न्यायला वेळ कोठून आणायचा? एका वर्गाला पडद्यासमोर बसवले तर दुसऱ्याकडे लक्ष देता येते, हे अगदी खरे आहे. पडदा त्या शिक्षकाचा सोबती आहे, आणि तो काढून घ्या असे मी म्हणणार नाही. पण पर्जन्यमापक पाहायला रोज पाच मिनिटे लागतात आणि ते काम मुलेच करतात. सावलीला वर्षातून एक दिवस लागतो.

दुसरी शंका: सगळे काही अंगणात थोडेच असते? नाहीच. समुद्र नाही, बर्फ नाही, धडधडते हृदय नाही, पाण्याच्या थेंबातले जीव नाहीत, शनीची कडी नाहीत. हीच तर पडद्याची खरी जागा! पाथर्डीच्या मुलाला समुद्राची भरती पडद्यावर जरूर दाखवा. जे डोळ्याला पोहोचत नाही ते फार दूरचे, फार बारीक, फार मोठे, फार सावकाश किंवा फार झटपट घडणारे असते. या पाचांपैकी काही असेल तर पडदा सुरू करा. नसेल तर दार उघडा.

तिसरी शंका: मुलांनी मोजलेले आकडे चुकतात, चित्रफीत चुकत नाही. मित्रांनो, हाच चित्रफितीचा दोष आहे! जी कधी चुकत नाही तिला कोणी प्रश्न विचारत नाही. दोन मुलांनी एकच सावली मोजली आणि एकाची ९२, दुसऱ्याची ९५ आली, की वाद होतो. काठी वाकडी होती का, जमीन उतरती होती का, याची चौकशी होते. ती चौकशी म्हणजेच विज्ञान.

तुमचे काम

हा लेख मी प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेला नाही. तो तुमच्यासाठी आहे. तुम्ही आठवी, नववी, दहावीत आहात. ज्या शाळेत तुम्ही पहिली ते चौथी शिकलात ती बहुधा तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडण्यापूर्वी तेथे जा. गुरुजींची किंवा बाईंची परवानगी घ्या. बाटलीचा पर्जन्यमापक करून द्या आणि एक वही द्या. पहिले आठ दिवस रोज साडेआठला तेथे उभे राहा. नंतर मागे सरा. मुलांना चुकू द्या. तुमच्या मोबाइलचा उपयोग करून दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेशी त्यांची गाठ घालून द्या. वर्षाच्या शेवटी ती वही शाळेत जपून ठेवायला सांगा. दहा वर्षांनी तुमच्या गावाच्या पावसाचा असा हिशेब हाताशी असेल, जो त्या गावच्या मुलांनी स्वतः मांडलेला आहे.

आणि तो ज्वालामुखी पाहणारा मुलगा? त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याला ओसरीच्या पायरीचा दगड दाखवला. त्याने बोट फिरवून भोके चाचपली. मग तो धावत जाऊन रस्त्याच्या कडेचे चार-पाच दगड घेऊन आला आणि प्रत्येक दगड माझ्यापुढे धरून विचारू लागला, "ह्यो बी? ह्यो बी?"

आत पडदा बंद झाला होता. मुलाचा धडा आत्ता कोठे सुरू झाला होता.